आतड्याला स्वतःची अक्कल असते, पण म्हणून त्याला मेंदू म्हणू नका

बीफार्मला फार्माकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आम्हाला कोंबडीचं आतडं असायचं. गिनीपिगचे दिवस संपत आले होते, प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम कडक झालेले, त्यामुळे लॅबमधले मामा सकाळी सकाळी चिकनवाल्याकडे जायचे आणि थंड टायरोड सोल्युशनच्या (आतडं ताजं ठेवणारं क्षारांचं पाणी) बाटलीत ताजं आतडं घेऊन यायचे. त्यातला दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा कापायचा, आतून हळूच धुवायचा, दोन्ही टोकांना दोरा बांधायचा आणि ऑर्गन बाथ नावाच्या काचेच्या नळीत लटकवायचा. खालून हवेचे बुडबुडे, भोवती कोमट पाणी, वरचा दोरा एका छोट्या तरफेला, आणि तरफेचं टोक काजळी धरलेल्या कागदावर, जो ड्रमवर सावकाश फिरत असतो. काजळी हाताला, ॲप्रनला, जर्नलला, सगळीकडे. सगळं जमून यायला अर्धा-पाऊण तास जायचा आणि मग कधीकधी, काहीही औषध न घालता, तो तुकडा आपला आपण वरखाली व्हायला लागायचा आणि कागदावर बारीक लाटा उमटायला लागायच्या.

ज्या कोंबडीचं ते आतडं ती बिचारी कुणाच्या तरी घरी रश्श्यात शिजत असणार, आणि इथे तिचं आतडं कामावर हजर.

आम्ही तेव्हा ॲसिटिलकोलीनचा (नर्व्ह ज्याच्यातून स्नायूला निरोप देतात ते रसायन) डोस रिस्पॉन्स कर्व्ह, म्हणजे किती डोसला आतडं किती आवळतं त्याचा आलेख काढून, सही घेऊन मोकळे व्हायचो. पण मला ही गोष्ट डोक्यातून जात नव्हती, आणि आता हॉस्पिटल फार्मसीत बसून रोज पोटाच्या गोळ्या देताना तर वाटतं की ह्या विषयावर मराठीत कुणी नीट गप्पा मारत नाही, जे येतं ते एकतर 'गट हेल्थ'वाले सात उपाय नाहीतर 'पोट म्हणजे आपला दुसरा मेंदू' टाइप फॉरवर्ड. तर आज जरा सविस्तर.

सुरुवात १८९९ पासून करू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग, नात्याने मेहुणे, म्हणजे बेलिसची बायको ही स्टार्लिंगची बहीण. ह्या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याला मेंदू आणि मज्जारज्जूकडून येणाऱ्या नर्व्ह तोडून टाकल्या आणि मग आतड्यात एका जागी डिवचून बघितलं. जिथे डिवचलं त्याच्या तोंडाकडच्या बाजूला आतडं आवळलं आणि पुढच्या बाजूला सैल पडलं. प्रत्येक वेळी हेच, मागून आवळ, पुढून सैल. म्हणजे आत काहीही असलं तरी ते खालच्या दिशेलाच सरकणार. ह्याला त्यांनी आतड्याचा नियम म्हटलं आणि स्पष्ट लिहिलं की हे आतड्याच्या भिंतीतल्याच नर्व्हच्या जाळ्यामुळे होतंय. पुढे १९०२ मध्ये ह्याच जोडीने सिक्रेटिन नावाचं हार्मोन शोधलं आणि लोकांना तेच जास्त लक्षात राहिलं, असो. १९१७ मध्ये जर्मनीत पाउल ट्रेंडेलनबर्गने गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा पूर्ण शरीराबाहेर काढला, आतून दाब वाढवला, आणि तरीही अख्खी लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. इथे तर वरून हुकूम यायचा प्रश्नच नव्हता.

मग हे जाळं आहे कुठे? आतड्याची भिंत आतून बाहेर बघितली तर सगळ्यात आत श्लेष्मल त्वचा, म्हणजे अन्नाला लागून असलेलं अस्तर, त्याखाली एक मऊसर थर, मग गोल गोल गुंडाळलेले स्नायू, आणि सगळ्यात बाहेर लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू. अस्तराखालच्या मऊ थरातलं जाळं गेऑर्ग माइस्नरने १८५७ मध्ये दाखवलं, आणि गोल स्नायू न् उभे स्नायू ह्यांच्या मधोमध जे जाळं आहे ते लेओपोल्ड आउरबाखने १८६० च्या दशकात. अजून त्यांच्याच नावाने ओळखतात. दोन्ही जाळ्यांत चेतापेशींचे छोटे छोटे पुंजके असतात आणि पुंजके एकमेकांना तंतूंनी बांधलेले. आउरबाखचं जाळं अन्ननलिकेपासून पार गुदद्वारापर्यंत पसरलेलं, त्याचं मुख्य काम हालचाल. माइस्नरचं मुख्यतः आतड्यांत, त्याच्याकडे पाणी किती सोडायचं, किती शोषायचं, अस्तराला रक्त किती द्यायचं असली खाती.

पेशी किती ह्याचे अंदाज १० कोटींपासून ६० कोटींपर्यंत आहेत, म्हणजे मज्जारज्जूशी तुलना करण्याइतक्या. आणि मेंदूकडून पोटाकडे हुकूम घेऊन येणारे तंतू मात्र फक्त हजारांत. हे गणित बघूनच केंब्रिजच्या लँगलीने १९२१ मध्ये आपल्या स्वायत्त, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चेतासंस्थेचे तीन भाग केले, सिंपथेटिक, पॅरासिंपथेटिक आणि तिसरा एंटेरिक म्हणजे आतड्याचा. आमच्या पुस्तकात पहिल्या दोघांवर पानंच्या पानं आणि तिसऱ्यावर एक परिच्छेद, तोही परीक्षेला न येणारा.

आता सर्किट. मला हा भाग सगळ्यात आवडतो त्यामुळे जरा लांबेल. समजा पोह्यांचा घास पचत पचत लहान आतड्यात आलाय. आतड्याची भिंत ताणली जाते, अस्तराला घासलं जातं. अस्तरात काही पेशी पेरलेल्या असतात, एंटेरोक्रोमाफिन पेशी, त्या सेरोटोनिन सोडतात. शरीरातलं साधारण ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन इथे असतं, मेंदूत नाही. त्या सेरोटोनिनने भिंतीतल्याच संवेदी चेतापेशी जाग्या होतात, म्हणजे खबर घेणारी माणसंसुद्धा गावातलीच. त्या शेजारच्या मधल्या पेशींना सांगतात, त्यातल्या काही वरच्या दिशेला तोंड करून असतात आणि काही खालच्या. वरच्या दिशेच्या साखळीच्या शेवटी ज्या चेतापेशी आहेत त्या स्नायूवर ॲसिटिलकोलीन आणि सबस्टन्स पी सोडतात, स्नायू आवळतो. खालच्या दिशेच्या साखळीच्या शेवटी ज्या आहेत त्या नायट्रिक ऑक्साइड, व्हीआयपी नावाचं पेप्टाइड आणि एटीपीसारखी द्रव्यं सोडतात, स्नायू सैल पडतो. घास पुढे सरकला की पुढचा भाग ताणला जातो आणि तिथे हेच सगळं पुन्हा सुरू. कोणी एक जण बसून अख्ख्या २०-२२ फुटांचा प्लॅन करत नाहीये, जागोजागी तेवढ्यापुरता निर्णय, ग्रामपंचायतीने गावातला नळ दुरुस्त करायला मंत्रालयात फाइल पाठवू नये तसं.

ह्यात लोकांना आवळणं हे काम वाटतं आणि सैल पडणं म्हणजे काहीच न करणं. उलट आहे! सैल पाडायला वेगळ्या चेतापेशी खर्ची पडल्यात आणि त्या गेल्या तर पेशंटचे हाल. अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी ह्या सैल पाडणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की ॲकॅलेशिया होतो, म्हणजे गिळलेलं पाणीसुद्धा खाली उतरत नाही, अन्न छातीत अडकून बसतं. ब्राझील वगैरे भागातल्या चागास रोगात तर एक परजीवी ह्या चेतापेशी मारतो आणि काही वर्षांनी कुणाची अन्ननलिका फुगते, कुणाचं मोठं आतडं.

इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, नाहीतर माझ्याच ऑर्गन बाथवरून गैरसमज व्हायचा. तो कोंबडीचा तुकडा जो आपोआप डुलत होता, ती ठेक्यातली डुलणी मुळात नर्व्हची नसते. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने आतड्यात स्नायू आणि नर्व्ह ह्यांच्या मधे काही विचित्र पेशी बघितल्या होत्या आणि त्याला त्या चेतापेशींचाच साधा प्रकार वाटल्या. त्या चेतापेशी नाहीतच, त्या आतड्याचा पेसमेकर आहेत, आणि हे पक्कं व्हायला १९९० चं दशक उजाडावं लागलं, जेव्हा ह्या पेशी नसलेल्या उंदरांच्या आतड्यातला ठेकाच गायब दिसला. ह्या पेशी विजेच्या संथ लाटा काढतात, माणसाच्या जठरात मिनिटाला साधारण ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला ११-१२, शेवटाकडे ८ च्या आसपास. ठेका ह्यांचा, पण कुठल्या ठेक्यावर खरंच जोर लावायचा आणि कुठला सोडून द्यायचा हे बरंचसं नर्व्हचं जाळं ठरवतं. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये ॲसिटिलकोलीन घातलं की तुकडा आवळायचा, तेही थेट स्नायूवर. नर्व्ह खरंच जिवंत आहेत का हे बघायचं तर निकोटीन घालायचं, ते पुंजक्यातल्या चेतापेशींना उठवतं, त्या ॲसिटिलकोलीन सोडतात आणि मग आवळतं, आणि आधी हेक्सामेथोनियम, म्हणजे पुंजक्यातला निरोप अडवणारं औषध, घातलं असेल तर निकोटीनला काही दाद मिळत नाही.

बरं, जेवण नसताना हे जाळं काय करतं? सफाई. उपाशीपोटी दर दीड ते दोन तासांनी एक जोरदार लाट जठरापासून निघते आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत हळूहळू जाते, मागे राहिलेले कण, मेलेल्या पेशी, बॅक्टेरिया सगळं झाडत. सकाळी अकराच्या मीटिंगला पोटात कावळे ओरडतात ना, त्या आवाजातला बराचसा भाग म्हणजे ही झाडलोट, हवा आणि पाणी ढवळलं जातं त्याची गुडगुड. लाटेच्या वेळी रक्तात मोटिलिन नावाचं हार्मोन वाढतं, आणि गंमत म्हणजे एरिथ्रोमायसिन हे आपलं जुनं अँटिबायोटिक मोटिलिनच्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ते ओळखणाऱ्या जागेवर जाऊन बसतं, म्हणून ते घेतल्यावर खूप जणांच्या पोटात मुरडा येतो आणि म्हणूनच जठर मंदावलेल्या डायबेटिसच्या पेशंटना डॉक्टर कधीकधी तेच थोड्या डोसमध्ये मुद्दाम देतात. एक बिस्किट खाल्लं तरी झाडू थांबतो आणि जेवणाचा प्रोग्राम सुरू होतो. दिवसभर थोडंथोडं चरत राहणाऱ्यांनी (मी पण, ऑफिसात चिवड्याचा डबा असतोच) ह्याचा विचार करावा.

हे जाळं किती गरजेचं आहे हे मात्र ते नसताना कळतं. १८८६ मध्ये कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंगने दोन बाळांबद्दल सांगितलं, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, शी होत नाही, दोघंही दगावली. मोठं आतडं आतून प्रचंड फुगलेलं. त्यानंतर पन्नास-साठ वर्षं बहुतेक डॉक्टर त्या फुगलेल्या भागालाच दोष देत राहिले, साहजिक आहे, दिसतंय ते तेच ना. १९४८ मध्ये बोस्टनच्या ऑरव्हार स्वेन्सनने उलटं केलं, फुगलेल्याच्या खालचा, दिसायला अगदी व्यवस्थित वाटणारा अरुंद भाग काढला आणि वरचं चांगलं आतडं खाली ओढून जोडलं. मुलं बरी झाली. कारण त्या अरुंद भागात चेतापेशींचे पुंजकेच नव्हते, एकही नाही. सैल पाडणारं कोणी नाही म्हणून तो भाग कायम आवळलेला, आणि वरचं धडधाकट आतडं त्याच्यावर ढकलून ढकलून फुगलेलं.

पुंजके का नव्हते ह्याचं उत्तर गर्भात आहे. ह्या चेतापेशी आतड्यात जन्मतच नाहीत, त्या मेंदूच्या मागच्या टोकाजवळून निघतात, साधारण चौथ्या आठवड्यात आतड्यात शिरतात आणि वरून खाली चालत चालत सातव्या आठवड्यापर्यंत शेवटच्या टोकाला पोचतात. फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ बाईंनी हे फार सुंदर पद्धतीने दाखवलं. लावा पक्ष्याच्या पेशींचं केंद्रक मायक्रोस्कोपखाली कोंबडीपेक्षा वेगळं दिसतं, तर त्यांनी कोंबडीच्या भ्रूणात लाव्याच्या पेशी बसवल्या आणि पुढे त्या कुठे कुठे सापडतात ते बघितलं. सापडल्या थेट आतड्याच्या भिंतीत. आता हा प्रवास मधेच थांबला तर शेवटचा टप्पा रिकामा राहणार, म्हणूनच हिर्शस्प्रुंगमध्ये रिकामा भाग नेहमी गुदद्वाराकडून वर मोजायचा. साधारण ५००० जन्मांमागे एका बाळाला हे असतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त, डाउन सिंड्रोम असेल तर शक्यता आणखी वाढते, आणि आरईटी नावाच्या जीनमधले बदल हे सगळ्यात माहितीतलं कारण. बाळ जन्मल्यावर पहिली काळी शी झाली का हे नर्स परत परत विचारते, आज्या पण विचारतात, त्यामागे हे एक कारण आहे. दोन दिवस उलटून गेले तरी झाली नाही तर डॉक्टर गंभीर होतात. गुदाशयातला बारीक तुकडा काढून त्यात चेतापेशी आहेत का बघतात, निदान तिथेच होतं.

आमच्या हॉस्पिटलात पोटाच्या ऑपरेशननंतर रोज ऐकू येणारा प्रश्न म्हणजे 'गॅस पास झाला का?' काकू लाजतात, काका ओरडून सांगतात, आणि अख्खं नातेवाईक मंडळ एका पादण्याची वाट बघत कॉरिडॉरमध्ये उभं! चेष्टा करायची गोष्ट नाही ती. पोट उघडलं, आतडी हाताळली की मघाशी सांगितलेल्या सिंपथेटिक भागाच्या नर्व्ह सगळ्या जाळ्याला ब्रेक लावतात, शिवाय भिंतीला थोडी सूज येते, वर दुखण्यासाठी मॉर्फिनसारखी औषधं, जी ह्या चेतापेशींना अजून गप्प करतात. लहान आतडं बऱ्यापैकी लवकर, काही तासांत ते एका दिवसात भानावर येतं, जठराला एक-दोन दिवस, मोठ्या आतड्याला दोन-तीन. त्यामुळे गॅस सुटला म्हणजे सगळ्यात आळशी मेंबर उठला. काही ठिकाणी पेशंटला च्युइंगगम चघळायला देतात, जेवण येतंय असं भासवून आतड्याला उठवायला, आणि ह्यावर रीतसर ट्रायल्स झाल्यात.

माइस्नरच्या जाळ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण हालचाल दिसते, पाणी दिसत नाही. ते दिसतं कॉलऱ्यात. कोलकात्याच्या शंभुनाथ डे ह्यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोऱ्यांनी बांधून त्यात कॉलऱ्याचा जंतू घालून बघितला आणि १९५९ मध्ये दाखवून दिलं की जंतू नसला, फक्त त्याने सोडलेलं विष असलं, तरी आतडं पाण्याने भरतं. (ह्या माणसाला भारतात फारसं कोणी ओळखत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.) विष अस्तराच्या पेशींना बिघडवतं हे पुस्तकात असतं. पण स्वीडनच्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी प्राण्यांमध्ये नर्व्ह बधिर करून बघितल्या तर पाझर निम्म्याहून कमी झाला, म्हणजे विषाने एंटेरोक्रोमाफिन पेशी सेरोटोनिन सोडतात, जाळं खवळतं आणि ते जाळंच अस्तराला पाणी सोड म्हणून सांगत राहतं. जाळ्याच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच वागतंय, काहीतरी घाण आलीय, धुवून काढ. फक्त धुता धुता माणूस कोरडा पडतो. साखर न् मीठ एकत्र शोषायचा रस्ता मात्र तेव्हाही चालू असतो म्हणून ओआरएस उपयोगी पडतं.

आता तो 'दुसरा मेंदू'. मला हा शब्द पटत नाही. आतडं स्वतः ऐकतं, ठरवतं, करतं, हे सगळं खरं, अगदी प्रत्यारोपण केलेलं लहान आतडं, ज्याच्या बाहेरच्या सगळ्या नर्व्ह कापलेल्या असतात, तेही अन्न पुढे ढकलतं. पण ते विचार करत नाही, त्याला 'मनातून वाटत' नाही, आणि ते तुमच्या लग्नाच्या स्थळाबद्दल मतही देत नाही. मेंदू आणि पोट जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हमधले बहुतेक तंतू, ८० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्तच, खालून वर जाणारे आहेत, म्हणजे आतडं रिपोर्ट बराच पाठवतं आणि हुकूम थोडेच घेतं. परीक्षेच्या सकाळी जुलाब, इंटरव्ह्यूला पोटात गोळा, हे वरून आलेले हुकूम, ते असतातच, पण आतड्याच्या एरवीच्या दिवसभराच्या कामात ते अपवाद. आणि ते 'पोटात सेरोटोनिन बनतं म्हणून दही खा, आनंदी राहा' वालं फॉरवर्ड, तर आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चाळण ओलांडत नाही. ते आतड्यात आतड्याचंच काम करतं. केमोथेरपीच्या औषधांनी ते एकदम भसाभसा सुटतं, व्हेगसच्या टोकांना चेतवतं आणि उलट्या सुरू होतात. ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध तिथला रिसेप्टर अडवतं, म्हणून ती गोळी चालते.

आणि काउंटरवर सगळ्यात जास्त मागितली जाणारी जुलाबाची गोळी, लोपेरामाइड. जुलाबावर अफू द्यायचे जुन्या काळी, त्याचं कारण अफूतलं मॉर्फिन आउरबाखच्या जाळ्यातल्या चेतापेशींवर बसून ॲसिटिलकोलीन सुटणं कमी करतं. लोपेरामाइड १९६९ मध्ये बेल्जियममध्ये यान्सेनच्या लॅबमध्ये तयार झालं, तेही त्याच रिसेप्टरवर बसतं, पण मेंदूच्या दारातला एक पंप त्याला परत बाहेर फेकतो, त्यामुळे नेहमीच्या डोसमध्ये नशा नाही, फक्त आतडं थांबतं. एसटीच्या लांबच्या प्रवासाआधी लोक हमखास मागतात. पण ताप आहे, शीतून रक्त पडतंय असं कोणी म्हणालं तर मी गोळी परत ड्रॉवरमध्ये टाकते आणि आधी डॉक्टरला दाखवून या म्हणते, कारण तेव्हा आतड्याला जे बाहेर काढायचंय ते आत कोंडून ठेवण्यासारखं होतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर नाहीच, कितीही भांडलात तरी. आई चिडून पलीकडच्या मेडिकलमध्ये जाते, मला माहितीये, पण जाताना तिच्या हातात ओआरएसची दोन पाकिटं तरी कोंबते.